सीओईपीला मेटलर्जी की खाजगी विद्यापीठात कॉम्प्युटर? शनिवारपर्यंत ठरवायचंय

अंगणवेल

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

लेकीची एमएचटी-सीईटी झाली. पर्सेंटाइल ९७ च्या जरासं पुढे, ओपन, आमचं दोघांचं मिळून उत्पन्न आठ लाखांच्या आत. गेल्या वर्षीचे कटऑफ बघता पुण्याच्या सीओईपीत, म्हणजे जुन्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात, कॉम्प्युटरचं नाव काढायला नको, पण मेटलर्जी (धातुशास्त्र) मिळेल असं दिसतंय. दुसरीकडे पुण्याजवळच्या एका खाजगी विद्यापीठाने त्यांच्या स्वतःच्या परीक्षेवर कॉम्प्युटर देऊ केलंय, पुढे एआयचं शेपूट लावून. त्यांचा समुपदेशक दिवसातून दोनदा फोन करतो. "मॅडम, शनिवारी संध्याकाळपर्यंत पहिला हप्ता भरा, नाहीतर सीट पुढच्याला जाईल." आणि कॅपची, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेशाची, पहिली फेरी त्याच्या नंतर!

घरात तट पडलेत. धाकटे दीर आयटीत आहेत, ते म्हणतात वहिनी, ब्रँच बघा, कॉलेजचं नाव चाटायचंय का. माझे वडील पीडब्ल्यूडीतून रिटायर झालेले. त्यांनी सीओईपी एवढंच ऐकलं आणि म्हणाले, "विश्वेश्वरय्या जिथं शिकले तिथं मिळतंय आणि तुम्ही विचार करत बसलाय?" ह्यांना कॉम्प्युटर हवंय. मी पतसंस्थेत कामाला, मला यातलं काही कळत नाही. लेक गप्प आहे. तिला विचारलं तर म्हणते, सगळे कॉम्प्युटरच घेतात.

काय करावं?

रापलेला

ब्रँच की कॉलेज. जुलै आला म्हणायचा. मी लाह्या घेऊन बसलोय.

शून्यप्रहर

सॉफ्टवेअरमध्ये चौदा वर्षं झाली, त्यातली निम्मी मुलाखती घेण्यात गेली. तुमच्या दिरांचं म्हणणं चूक नाही. चार वर्षं तोच विषय आणि आजूबाजूला तेच करणारी मुलं, याचा फरक पडतोच. "ब्रँच कुठलीही घेऊ, कोडिंग आपलं आपण शिकू" म्हणणारी मुलं पुष्कळ भेटली. खरोखर शिकलेली कमी. दिवसभर वर्कशॉप आणि सबमिशन करून रात्री अकराला लॅपटॉप उघडायला वेगळीच जिद्द लागते.

पण कॉम्प्युटर या नावाखाली सगळीकडे एकच माल मिळतो असंही समजू नका. एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, २०२४ पासून चांगल्या चाललेल्या संस्थांना एका शाखेत किती जागा घ्यायच्या याची कमाल मर्यादा काढून टाकली. कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढल्या. शिकवणारी माणसं त्या वेगाने कुठून आणणार? म्हणून तिथे गेलात तर इमारत बघू नका. दुसऱ्या वर्षाला डेटा स्ट्रक्चर्स कोण शिकवतं आणि ते किती वर्षं तिथे आहेत, एवढं विचारा. नाव पटकन सांगता आलं नाही तर काय ते समजा.

खडूफळा

मी शिकवतो. कुठे ते सांगत नाही, आमच्याकडेही हेच चालतं.

"९५ टक्के प्लेसमेंट" असा फलक दिसला की एकच प्रश्न विचारायचा: भागिलं कितीनं? अंश सगळे सांगतात, छेद कुणी सांगत नाही. समजा वर्गात शंभर मुलं. बॅकलॉग असलेली वजा केली, साठ टक्क्यांच्या खालची वजा केली, "मला पुढे शिकायचंय" असं ज्यांच्याकडून लिहून घेतलं ती वजा केली. उरली साठ. त्यातल्या सत्तावन्न जणांना नोकरी लागली की झाले पंचाण्णव टक्के. यात खोटं काहीच नाही, हीच तर गंमत.

सरासरी पॅकेजचंही तसंच. दहा मुलं घ्या. नऊ जणांना चार-चार लाख, एकाला चव्वेचाळीस. सरासरी आली आठ लाख! वर्गात आठ लाख मिळालेला एकही नाही. रांगेत उभं केल्यावर मधल्या मुलाला किती मिळाले ते विचारायचं, म्हणजे मीडियन.

आणि हे कुणाच्या तोंडून ऐकायची गरज नाही. एनआयआरएफच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या, क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थेला आपली माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये टाकावी लागते. त्यात चार वर्षांच्या पदवीचा तक्ता असतो: पहिल्या वर्षाला किती आले, वेळेत किती पास झाले, किती जणांना नोकरी लागली, त्यांचा मीडियन पगार किती, पुढे शिकायला किती गेले. दोन्ही ठिकाणचा तक्ता शेजारी शेजारी ठेवा. एक खोट आहे, शाखेप्रमाणे फोड मिळत नाही, मेटलर्जी आणि कॉम्प्युटर एकाच पातेल्यात. तरी माहितीपत्रकापेक्षा शंभर पटीने बरं.

"वेळेत पास" हा रकाना लोक सोडून देतात. मी तोच आधी वाचतो.

अंगणवेल

खडूफळा सर, पीडीएफ सापडली. ह्यांनी आणि मी रात्री बारापर्यंत बघितली. माहितीपत्रकात जो आकडा मोठ्या अक्षरात छापलाय तो पीडीएफमध्ये कुठेच नाही. मीडियनचा आकडा त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. हे गप्प झाले.

नॅक आणि एनबीए यात फरक काय? तिथे नॅकचा बोर्ड मोठा लावलाय.

खडूफळा

दोन्ही दर्जाच्या मान्यता. नॅक सबंध संस्थेला मिळतं, एनबीए एकेका अभ्यासक्रमाला. मेकॅनिकलला असेल आणि नव्या कोऱ्या एआयला नसेल, असं होतंच. कारण एनबीएसाठी आधी काही तुकड्या बाहेर पडाव्या लागतात. भारत २०१४ मध्ये वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला, त्यामुळे एनबीएच्या टियर-१ मान्यतेची पदवी इतर सदस्य देशांत समकक्ष धरली जाते. पुढे परदेशाचा विचार असेल तर एनबीएच्या साइटवर त्या *शाखेचं* नाव शोधा, कॉलेजचं नव्हे.

रँकबद्दल कुणी विचारायच्या आत सांगून टाकतो. एनआयआरएफमध्ये शंभरातले ३० गुण अध्यापन आणि साधनांना, ३० संशोधनाला, २० विद्यार्थ्यांच्या निकालांना, १० सर्वसमावेशकतेला आणि १० लोकांच्या मताला. ते संशोधनाचे ३० बी.टेक.च्या मुलीच्या ताटात कितपत पडतात, तुम्हीच बघा.

कागदी_घोडा

अंगणवेल ताई, सगळे अभ्यासाचं बोलताहेत, मी पैशाचं बोलतो. उत्पन्न आठ लाखांच्या आत आणि मुलगी, म्हणजे तुमच्यासाठी हाच मुद्दा सगळ्यात मोठा ठरू शकतो.

८ जुलै २०२४ चा राज्य सरकारचा जीआर काढून वाचा. ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी आणि आर्थिकदृष्ट्या मागास अशा आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना, कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. आधी पन्नास टक्के होतं. मात्र अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित खाजगी विद्यापीठं यातून *वगळली* आहेत. मॅनेजमेंट कोट्यालाही लागू नाही. म्हणजे एकीकडे ट्यूशन फी शून्य, दुसरीकडे चारही वर्षांची पूर्ण फी खिशातून. राहणं, मेस आणि बाकी शुल्क दोन्हीकडे धरा. समुपदेशकाने हे सांगितलं होतं का?

उत्पन्नाचा दाखला आधी हातात घ्या. ऐन वेळी तहसीलला काय गर्दी असते ते मी सांगायला नको.

दुसरं, शनिवारची धमकी. मुलं प्रवेश रद्द करतात तेव्हा फी किती परत द्यायची याचं परिपत्रक यूजीसी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग, काढते. २०२४-२५ साली ३० सप्टेंबरपर्यंत रद्द केलं तर पूर्ण परतावा आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त हजार रुपये कापायचे, असं होतं. यंदाचं परिपत्रक बघून घ्या. हप्ता भरलाच तर पावती घ्या आणि मूळ कागदपत्रं *अजिबात* देऊ नका. ती अडकवून ठेवायची नाहीत असं यूजीसीनेच बजावलंय.

खिडकीजवळ

थोडी उलटी बाजू मांडते. मी अशाच एका खाजगी विद्यापीठातून कॉम्प्युटर केलं, २०२१ ला बाहेर पडले. वाईट काही झालं नाही. अभ्यासक्रम दर वर्षी बदलायचे, सरकारी ठिकाणी ज्याला तीन समित्या लागतात ते आमच्याकडे एका मीटिंगमध्ये व्हायचं. तिसऱ्या वर्षी सहा महिने इंटर्नशिप मिळाली, तिथेच नोकरी लागली.

त्रास झाला तो पहिल्या वर्षी. वर्गात अर्धी मुलं कशीही येऊन पडलेली, अर्धी खरंच हुशार. तुम्ही कुठल्या बाकावर बसता त्यावर चार वर्षं ठरतात. मी योगायोगाने बरोबर बाकावर बसले. सीओईपीसारख्या ठिकाणी बाक निवडावा लागत नाही, एवढाच मला फरक दिसतो. तो छोटा नाही.

वितळबिंदू

सगळं झालं, मेटलर्जी म्हणजे काय ते मात्र कुणी सांगेना! मी बावीस वर्षं तेच करतो, म्हणून सांगतो.

लोकांना वाटतं भट्टी, घाम, खाण. खाण म्हणजे मायनिंग, ती शाखाच वेगळी. आमचा प्रश्न साधा असतो: हा तुकडा असा का वागतो? गिअरचा दात तुटून आला. कापायचा, बेकलाइट नावाच्या प्लास्टिकमध्ये बसवायचा, मग एमरी पेपरवर घासायचा. आधी जाड, मग बारीक, मग त्याहून बारीक, प्रत्येक पेपरला दिशा नव्वद अंशांत फिरवायची म्हणजे आधीचे ओरखडे जाताना दिसतात. शेवटी ओल्या कापडावर आरसा होईपर्यंत पॉलिश. सूक्ष्मदर्शकाखाली धरलं तर काहीच दिसत नाही, कोरी पाटी. मग नायटल, म्हणजे अल्कोहोलमध्ये दोन-तीन टक्के नायट्रिक आम्ल, काही सेकंद. धुवायचं, वाळवायचं, परत बघायचं. आता त्याच पाटीवर पोलादाचा सगळा इतिहास उमटतो. बोटाच्या ठशासारख्या रेघा दिसल्या तर पर्लाइट, म्हणजे सावकाश थंड झालंय. सुयांचं रान दिसलं तर मार्टेन्साइट, म्हणजे झटक्यात विझवलंय. तापमान ७२७ अंशांच्या वर नेऊन खाली कसं आणलं, एवढ्यावर एकाच पोलादाचे स्वभाव पार बदलतात. मला अजून कंटाळा आलेला नाही.

आता नोकरी. खोटं बोलणार नाही. सुरुवातीचा पगार सॉफ्टवेअरवाल्यांपेक्षा बहुतेक वेळा कमी, कामाची जागा एमआयडीसीत, कधीकधी शिफ्ट. पण पिंपरी-चिंचवड-चाकणचा पट्टा आणि कोल्हापूरच्या फाउंड्र्या आहेत तोवर या भागात मेटलर्जिस्ट बसून राहत नाही. विमानाची इंजिनं, बॅटऱ्या, सेमीकंडक्टर, सगळीकडे शेवटी मटेरियलवरच गाडी अडते. गेट परीक्षेतून एम.टेक. किंवा पीएसयूचाही, म्हणजे सरकारी कंपन्यांचाही, रस्ता आहे. सीओईपीतल्या कुणा तिसऱ्या वर्षाच्या मुलाला गाठून विचारा: कॅम्पसला येणाऱ्या सॉफ्टवेअर कंपन्यांपैकी कुठल्या सगळ्या शाखांना बसू देतात आणि कुठल्या नाही? यादी मागा, गप्पा नकोत. मायनर डिग्रीचंही, म्हणजे मुख्य पदवीसोबतच्या जोडविषयाचंही, विचारा. एआयसीटीईच्या चौकटीत १८ ते २० जादा क्रेडिट करून दुसऱ्या विषयात मायनर घेता येतं. कॉम्प्युटरच्या मायनरला किती जागा आणि कुठल्या सीजीपीएला मिळतं, हे तिथल्या मुलांनाच माहीत असतं.

आणि मुलीला एकदा तुमच्या जवळच्या एखाद्या हीट ट्रीटमेंट शॉपमध्ये, जिथे धातू तापवून-थंड करून त्याचे गुण बदलतात, घेऊन जा. अर्धा तास पुरे. ठरवू नका, नुसतं बघा.

ढोलीतला_घुबड

सीओईपी १८५४ चं कॉलेज आहे, देशात गिंडी आणि रुरकीनंतर आपलंच. २००३ ला स्वायत्त झालं, २०२२ ला स्वतःचं विद्यापीठ. म्हणजे आता पदवीवर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं नाव नसणार, सीओईपी टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीचं असणार. एवढ्याने कुणाची नोकरी जात नाही, पण आजोबांना सांगून ठेवा, पदवीदानाच्या दिवशी गडबड नको.

शून्यप्रहर

@वितळबिंदू, हे वाचून मलाच ॲडमिशन घ्यावीशी वाटली राव. तरी माझं मत कायम. आवड अर्ध्या तासात कळत नाही.

वितळबिंदू

बरोबर आहे. नावड कळते.

अंगणवेल

काल जाऊन आलो. साताऱ्याच्या एमआयडीसीत ह्यांच्या ओळखीच्या एकांचं छोटं हीट ट्रीटमेंट शॉप आहे. लेक भट्टीकडे फारसं बघत नव्हती, फोनमध्येच. मग लॅब म्हणून एक खोली आहे, कपाटाएवढी, तिथल्या मुलाने तिला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. पाच मिनिटं ती काही बोलली नाही. मग विचारलं, "एवढं पॉलिश केल्यावर काही दिसत नाही, आणि ॲसिडने खराब केल्यावर दिसतं, असं कसं?" तो मुलगा म्हणाला, कडा आधी झिजतात. पुढचं मला कळलं नाही, ते दोघं बोलत राहिले.

ह्यांनी त्या विद्यापीठालाही भेट दिली. इमारत काचेची, आत गारेगार. छेदाचा प्रश्न विचारला. समुपदेशक म्हणाला, सर, हे प्लेसमेंट सेलला विचारून सांगतो. चहा दिला, पिशवी दिली, आत डायरी आणि पेन. डेटा स्ट्रक्चर्सवाल्या बाईंचं नाव मात्र लगेच सांगितलं, हे प्रामाणिकपणे लिहिते.

अंगणवेल

मी हिची मुलगी. आईचं लॉगिन उघडं होतं, तिला सांगून लिहितेय.

मला कॉम्प्युटर नको असं नाहीये. बारावीत पायथन होतं, बरं जमलं. पण लॅबमधल्या दादाने विचारलं, कॉम्प्युटरच का? तर मला "सगळे घेतात" याच्या पुढे काही सुचेना. मेटलर्जी का, हेही मला सांगता येणार नाही, फक्त घरी आल्यावर दोन तास त्या रेघांचे व्हिडिओ बघत बसले. कुणी सांगितलं नव्हतं.

माझा प्रश्न वेगळा आहे. या लाइनमध्ये मुली असतात का? खरं सांगा, माहितीपत्रकातलं नको.

पोलादी_पदर

असतात. मी आहे. कॉलेजात आम्ही थोड्या होतो, आता वाढल्यात. कॅपमध्ये मुलींसाठी ३० टक्के जागा असतात त्यामुळे वर्गात एकटी पडणार नाहीस.

नोकरीचं खरं सांगते. माझ्या पहिल्या कारखान्यात बायकांचं स्वच्छतागृह ऑफिसच्या इमारतीत होतं, शॉप फ्लोअरपासून दहा मिनिटं चालत. मी पाणी कमी प्यायचे. दोन वर्षांनी तक्रारी करकरून जवळ झालं. फोरमन काका पहिला महिनाभर माझ्याशी बोलायचेच नाहीत, माझ्या हाताखालच्या मुलाला सांगायचे आणि तो मला सांगायचा, मी समोर उभी असताना. एके दिवशी त्यांनी पास केलेली बॅच मी अडवली, कडकपणा कमी भरत होता. मोठा तमाशा झाला. परत तपासली तर रिपोर्ट माझाच बरोबर. त्यानंतर बोलायला लागले, तेही ओरडूनच, पण थेट.

आता मी फेल्युअर ॲनॅलिसिस करते, म्हणजे तुटलेला भाग का तुटला ते शोधते, बहुतेक वेळ लॅबमध्ये. सगळ्या कंपन्या अशा नसतात, आणि सगळ्या चांगल्याही नसतात. आयटीतल्या मैत्रिणींची रडगाणी वेगळी आहेत, एवढंच. कोऱ्या कागदावर हे दोन्ही लिहून बघ, कुठलं रडगाणं तुला चालेल ते.

कागदी_घोडा

बाळा, कॅपचा ऑप्शन फॉर्म भरताना एक ध्यानात ठेव. क्रम *आवडीचा* लावायचा, मिळण्याच्या शक्यतेचा नाही. वरचं मिळालं नाही तर यंत्रणा आपोआप खालचं बघते, वर अवघड नाव टाकल्याने खालचं हातचं जात नाही. २०२५-२६ पासून चार फेऱ्या आहेत आणि पहिल्या फेरीत पहिला पसंतीक्रम लागला की ती जागा आपोआप गोठते, म्हणजे पुढच्या फेरीत बदलता येत नाही. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसऱ्यात पहिल्या सहापैकी काही लागलं तरी तसंच. म्हणून पहिल्या सहांत "बघू, नंतर बदलू" म्हणून काहीही टाकू नकोस. पहिल्याच नंबरला जे टाकशील ते लागलं तर तिथेच जायचंय असं समजून टाक.

फॉर्म कॅफेत भरू नका. पासवर्ड कुणाला देऊ नका, कॅफेवाल्याला तर नाहीच, काकालाही नाही.

शून्यप्रहर

काका म्हणजे मी का? :)

मेटलर्जी घेतलीस तर पहिल्या वर्षाच्या सुट्टीत मला मेसेज कर. कोडिंगचं काय वाचायचं ते सांगेन. नाही घेतलीस तरी कर.

रापलेला

लाह्या संपल्या. हप्ता भरला का शेवटी?

अंगणवेल

नाही भरला. शनिवारी संध्याकाळी सहाला फोन आला, मी म्हटलं सीट द्या पुढच्याला. सोमवारी परत आला, सीट आहे म्हणे अजून.

दीर अजून नाराज आहेत. वडिलांना कुणी काही विचारलेलं नाही तरी ते आख्ख्या गल्लीत सांगून आलेत. ह्यांनी तिला एवढंच म्हटलं की सीओईपीच्या वर निदान एक-दोन कॉम्प्युटर टाक, आमच्या समाधानासाठी. ती हो म्हणाली की नाही ते कळलं नाही. आत्ता खोलीत बसून फॉर्म भरतेय, दार लोटलेलं आहे. मेटलर्जी कितव्या नंबरला टाकलीस विचारलं तर म्हणाली, कन्फर्म केल्यावर सांगते. ओटीपी तिच्याच फोनवर येतो.